जळगाव–मुंबई ३५५ किलोमीटर, मग विमानाला सव्वा तास काबरं?

वाचक विचारतात

गेले काही महिने या सदराकडे एकाच प्रकारचे मेसेज आणि पत्रं येतायत, अमक्या विमानतळापासून तमक्या विमानतळाचं अंतर किती, वेळ किती, आणि दोन्हींचा मेळ का बसत नाही. घराघरातली पोरं पुण्याला, हैदराबादला, दुबईला, अमेरिकेला आहेत आणि आईवडील पहिल्यांदाच विमानात बसतायत, त्यामुळे हे प्रश्न नुसते कुतूहलाचे नाहीत, लोकांना खरंच जायचंय. म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला दिलंय.

प्रश्न : भाऊ, नेटवर जळगाव–मुंबई ३५५ किलोमीटर दखाडस, इमान तासले ५०० किलोमीटर पयस, मंग तिकिटवर सव्वा तास काबरं लिखेल शे? आम्हले जरा समजाडी सांगा.
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाऊ, तुमचा हिशोब बरोबरच आहे, ३५५ ला ५०० ने भागलं की ४३ मिनिटं येतात. पण ते ५०० म्हणजे विमान एकदा वर जाऊन सरळ पळायला लागलं की मगचा वेग. जळगावला येतं ते एटीआर ७२, पंख्याचं विमान, ते वर गेल्यावर तासाला पाचशेच्या आसपास जातं, पण वर चढताना त्याचा वेग बराच कमी असतो आणि उतरताना तर शेवटची दहा-पंधरा मिनिटं ते मुद्दाम हळू हळू करत आणतात. साडेतीनशे किलोमीटरच्या प्रवासात चढणं आणि उतरणं यातच अर्धा रस्ता संपतो, पूर्ण वेगाने पळायला मधला तुकडाच काय तो मिळतो. लांबच्या प्रवासात हे जाणवत नाही, जवळच्या प्रवासात जाणवतं.

दुसरी गोष्ट, तिकिटावर जी वेळ असते ती हवेतली वेळ नसतेच. विमान उभं असतं तेव्हा चाकांना अडसर लावलेले असतात, ते काढून विमान जागेवरून हललं तिथपासून ते समोरच्या विमानतळावर जाऊन पुन्हा अडसर लागेपर्यंतचा सगळा वेळ कंपनी धरते, याला ब्लॉक टाइम म्हणतात. यात विमानाचं धावपट्टीपर्यंत चालत जाणं आलं, परवानगीची वाट बघणं आलं, उतरल्यावर मुंबईत पार्किंगच्या जागेपर्यंत जाणं आलं, आणि मुंबई विमानतळ केवढं मोठं आहे, तिथे नुसतं हे जमिनीवरचं चालणंच दहा-बारा मिनिटं सहज खातं.

आणि तिसरं कारण म्हणजे मुंबईच. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत हे खरं, पण त्या एकमेकींना मधोमध छेदून जातात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. एवढ्या मोठ्या शहराची सगळी ये-जा त्या एका पट्टीवरून, तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमानं, म्हणजे दर सव्वा-दीड मिनिटाला एक उतरतंय नाहीतर उडतंय. अशा ठिकाणी जळगावचं विमान वेळेवर पोचलं तरी त्याला रांगेत घेतात, कधी हवेतच एक-दोन गोल चकरा मारायला लावतात. वैमानिक चुकतोय, काही बिघडलंय असं बिलकुल समजू नका, घाबरायचं तर कारणच नाही, ती रांग आहे. कंपन्यांनाही हे माहीत असतं म्हणून त्या आधीच वेळापत्रकात दहा-पंधरा मिनिटं जास्तीची धरून ठेवतात, आणि कधी रांग मिळाली नाही तर विमान वेळेच्या आधी पोचतं आणि लोक खूश होतात.

आता तुम्ही विचारलं नाही पण सांगतो, कारण हेच सगळ्यात जास्त कामाचं आहे. घरापासून घरापर्यंतचा वेळ मोजा. अमळनेरहून कुसुंब्याजवळच्या विमानतळावर यायचं, सुटायच्या तासभर आधी काउंटर बंद होतो म्हणून दीड-दोन तास आधी पोचायचं, मग सव्वा तास विमान, मग मुंबईत सामान घेऊन बाहेर पडून दादरला किंवा जिथे काम आहे तिथे. पाच-साडेपाच तास होतातच. रेल्वेने जळगाव–मुंबई ४२० किलोमीटर आहे आणि रात्री बसलं की सकाळी मुंबई. मुंबईसाठी रात्रीची गाडी आजही चांगली आहे असं माझं स्पष्ट मत आहे, तब्येत नाजूक असेल किंवा एका दिवसात जाऊन यायचं असेल तर विमान घ्या. हैदराबाद आणि गोव्याचं मात्र वेगळं. हैदराबाद जळगावपासून सरळ रेषेत साधारण ५१० किलोमीटर, गोव्याचं मोपा साधारण ६१०, आणि या दोन्ही ठिकाणी रेल्वेने जायचं म्हणजे मोठा वळसा, तिथे विमान खरोखर अख्खा दिवस वाचवतं. पुण्याचं सरळ अंतर साधारण ३२०. आपलं विमानतळ मार्च २०१२ मध्ये सुरू झालं, पण लहान शहरं विमानाने जोडायच्या केंद्र सरकारच्या उडान योजनेतलं मुंबईचं पहिलं विमान यायला डिसेंबर २०१७ उजाडला, तेव्हापासून सेवा सुरू झाल्या, बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा तिकीट काढताना त्या आठवड्याचं वेळापत्रक बघूनच ठरवा, शेजाऱ्याने मागच्या वर्षी काय केलं त्यावर जाऊ नका.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. दोन विमानतळांमधलं अंतर मुलांना वेबसाइट न बघता स्वतः काढता येईल का? आठवी-नववीच्या मुलांना झेपेल अशी पद्धत हवी.
— एक शिक्षिका, चाळीसगाव

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला, आणि चाळीसगावहून हा प्रश्न यावा यात तर औरच गंमत आहे, ते खाली सांगतो.

मुलांना पायथागोरसचं प्रमेय येतं ना, मग झालं. मुलांना फक्त एवढं सांगा की उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे कुठेही गेलं तरी साधारण १११ किलोमीटर. पूर्व-पश्चिम एक अंश मात्र विषुववृत्तावर १११ असतो आणि जसजसं उत्तरेला जाल तसा कमी होत जातो, कारण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे एकमेकींजवळ येतात. आपल्याकडे खानदेश ते मुंबई या पट्ट्यात तो साधारण १०४ किलोमीटर धरा. (ज्यांना त्रिकोणमिती येते त्यांनी १११ ला अक्षांशाच्या कोसाइनने गुणावं, २० अंशाचा कोसाइन ०.९४.)

आता जळगाव विमानतळ २०.९६ अंश उत्तर, ७५.६३ अंश पूर्व. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. अक्षांशातला फरक १.८७, गुणिले १११, झाले २०८ किलोमीटर. रेखांशातला फरक २.७६, गुणिले १०४, झाले २८७. हे दोन काटकोनाचे बाहू, त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा, ३५४ च्या पुढे येतं. वेबसाइट ३५५ सांगते. फळ्यावर दहा मिनिटांत पोरांनी वेबसाइटला गाठलं की नाही!

त्याहून सोपं उदाहरण द्यायचं तर भुसावळ–उज्जैन द्या. ही दोन्ही गावं जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, पावणेशहात्तर अंशाच्या आसपास, त्यामुळे फक्त अक्षांशाची वजाबाकी करायची, २३.१८ वजा २१.०५, म्हणजे २.१३, गुणिले १११, २३६ किलोमीटर. आणि मुलांना हेही सांगा की जुने भारतीय ज्योतिषी आपली मुख्य रेषा उज्जैनवरूनच मोजायचे, ग्रीनिचच्या कितीतरी आधी, म्हणजे ती रेषा आपल्या भुसावळच्या अंगणातून जात होती.

आता चाळीसगावची गोष्ट. तुमच्यापासून जवळच पाटणादेवीच्या परिसरात, पाटण गावी, १२०७ सालचा शिलालेख सापडलेला आहे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ उभारला आणि तिथल्या निकुंभ राजांनी त्याला दान दिलं याची त्यात नोंद आहे. ते भास्कराचार्य म्हणजे गोल पृथ्वीचा परीघ ४९६७ योजनं आणि व्यास १५८१ योजनं असं मांडणारे, भागून बघा, पाय (π) ३.१४१६ च्या आसपास निघतो. त्यांनीच असंही सांगून ठेवलंय की परिघाचा शंभरावा भाग सपाटच दिसतो म्हणून माणसाला पृथ्वी सपाट वाटते. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर धरला तर शंभरावा भाग ४०० किलोमीटर. जळगाव–मुंबई ३५५. म्हणजे आपण वर जो सपाट कागदावरचा पायथागोरस वापरला तो का चालला याचं उत्तर साडेआठशे वर्षांपूर्वीच दिलेलं आहे, आणि ज्या माणसाने दिलं त्याच्या ग्रंथांची शाळा तुमच्या तालुक्यात होती. पोरांची सहल पाटणादेवीला जातेच, या वेळी जाताना वही-पेन्सिल घेऊन जा.

हीच पद्धत दुबई-लंडनला लावायला जाल तर चुकत जाईल, कारण तिथे पृथ्वीची गोलाई आड येते. तिथे दोरा वापरायचा, तो पुढच्या प्रश्नात आहे.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. मुंबई–न्यूयॉर्क विमान नकाशावर सरळ पश्चिमेला न जाता एवढं वर उत्तरेला जाऊन वाकडं का जातं? यात इंधन जास्त लागत नाही का?
— एक विद्यार्थी, धुळे

उत्तर : मित्रा, वाकडा रस्ता नाहीये, वाकडा नकाशा आहे. भिंतीवर टांगतो तो बहुतेक नकाशा मर्केटरच्या पद्धतीचा असतो, १५६९ साली त्याने तो दर्यावर्दी लोकांसाठी काढला, त्यात दिशा बरोबर राहते पण उत्तरेकडचे देश ताणून मोठे केलेले असतात. गोल वस्तू सपाट केली की कुठेतरी ताण द्यावाच लागतो.

शाळेतला पृथ्वीगोल घे, ३० सेंटिमीटर व्यासाचा असेल तर उत्तम. एक दोरा मुंबईवर अंगठ्याने दाब आणि दुसरं टोक न्यूयॉर्कवर धरून ताण. दोरा आपोआप कुठून जातो बघ, मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हिया, आइसलंडच्या जवळून, मग ग्रीनलंडच्या दक्षिणेकडून कॅनडा. ६४-६५ अंश उत्तरेपर्यंत वर जातो तो, जरी मुंबई १९ अंशावर आणि न्यूयॉर्क ४१ अंशाच्या आत असलं तरी. तोच सगळ्यात जवळचा रस्ता, त्याला बृहत्‌वृत्त म्हणतात, परीक्षेत हाच शब्द येईल. आता दोरा मोजपट्टीवर ठेव, साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या आसपास भरेल, आणि या आकाराच्या गोलावर १ सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर, गुणाकार कर, साडेबारा हजार किलोमीटर येतात. खरं अंतर तेवढंच आहे.

पण विमान हुबेहूब दोऱ्यावरून जातंच असं नाही आणि परीक्षेच्या दृष्टीने हा भाग जास्त महत्त्वाचा आहे. पहिलं म्हणजे देशांच्या हवाई हद्दी. २०१९ मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने फेब्रुवारी ते जुलै आपली हद्द बंद ठेवली, एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा भारतीय विमानांना बंद केली, आणि दोन्ही वेळेला दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणारी विमानं अरबी समुद्रावरून वळसा घालायला लागली, वेळ वाढला, इंधन वाढलं. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाची हद्द बऱ्याच पाश्चात्त्य कंपन्यांना बंद झाली, त्यांचेही रस्ते लांबले. दोन शहरं होती तिथेच आहेत, अंतर एक किलोमीटरनेही बदललं नाही, पण प्रवास तासाभराने लांबला. भूगोल आणि राज्यशास्त्र एकाच प्रश्नात येतात ते असे.

दुसरं म्हणजे वारा. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकच्या बाजूने साधारण १४ हजार किलोमीटर जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून नेलं, अंतर झालं १५,३०० किलोमीटर आणि वेळ लागला साडेचौदा तास, आधीच्यापेक्षा कमी. हजारभर किलोमीटर जास्त जाऊन लवकर पोचले, कारण वारा पाठीमागून होता. आणि जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सगळ्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला विमान आणलं ते उत्तर ध्रुवाच्या बाजूने. ग्लोबवर दोरा लावून बघ, सॅन फ्रान्सिस्को जवळजवळ आपल्या पाठीमागेच आहे, त्यामुळे ध्रुवावरून जाणं हाच जवळचा रस्ता पडतो.

प्रश्न : मुलगा खरगपूरला शिकतो. मुंबई–कोलकाता जाताना विमानाला कमी वेळ आणि येताना जास्त, असं का? अंतर तर तेवढंच.
— रेल्वेतले एक निवृत्त कर्मचारी, भुसावळ

उत्तर : काका, हा वाऱ्याचाच खेळ. तापीला पाणी असताना होडी प्रवाहाबरोबर सोडली आणि प्रवाहाविरुद्ध वल्हवली तर जो फरक पडतो तोच हा. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट प्रवाह म्हणतात, आणि विमानं नेमकी त्याच उंचीवर उडतात. मुंबई–कोलकाता साधारण १,६६० किलोमीटर आणि विमानाचा वेग ८३० धरा म्हणजे वारा नसेल तर बरोबर दोन तास. आता तासाला १०० किलोमीटरचा वारा पाठीमागून आला तर १ तास ४७ मिनिटं, समोरून आला तर २ तास १६ मिनिटं. बघा, जाताना १३ मिनिटं वाचली पण येताना १६ गेली, वारा जाऊन-येऊन फिटत नाही, तोट्यातच ठेवतो, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं. पावसाळ्यात हा वरचा प्रवाह हिमालयाच्या पलीकडे सरकतो, तेव्हा हा फरक कमी होतो.

जगातलं मोठं उदाहरण म्हणजे फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या वाऱ्यावर बसून ब्रिटिश एअरवेजचं न्यूयॉर्क–लंडन विमान ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, एरवी तिथे साडेसहा तास सहज लागतात.

प्रश्न : माझं वय ६८. मुलीकडे अमेरिकेला जायचंय. तिकिटावर मुंबईहून रात्री १ ला निघून सकाळी साडेसातला नेवार्कला पोचतं असं लिहिलंय, म्हणजे साडेसहा तास. मुलगी म्हणते सोळा तास बसावं लागेल. खरं काय? भीती वाटते.
— एक आजी, यावल

उत्तर : आजी, मुलगी म्हणते ते खरं आहे आणि तिकीटही खोटं नाही. तिकिटावर जिथली वेळ तिथल्या घड्याळाची लिहितात. तुम्ही निघाल तेव्हा मुंबईचं घड्याळ, पोचाल तेव्हा अमेरिकेचं. रात्री १ मध्ये १६ तास मिळवा, आपल्या घड्याळात त्याच तारखेचे संध्याकाळचे ५ वाजतात, तेव्हा यावलला गाईची धार काढायची वेळ होत आली असेल, आणि नेवार्कला नुकती सकाळ, साडेसात. उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, नोव्हेंबर ते मार्च साडेदहा तास, कारण ते लोक वर्षातून दोनदा घड्याळ पुढे-मागे करतात.

हे असं का तर पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, एका अंशाला ४ मिनिटं. आपल्या देशाची वेळ ८२.५ अंशावरून धरलीय, जळगाव साडेपंचाहत्तरच्या आसपास, म्हणून आपल्याकडे सूर्य डोक्यावर यायला सरासरी बारा वाजून २७-२८ मिनिटं होतात, घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा आपल्या गावातसुद्धा वेगळेच असतात.

आता तुमच्यासाठी काही गोष्टी, आणि या मी मनापासून सांगतोय. सोळा तास एका जागी बसू नका, दर दीड-दोन तासांनी उठून दोन फेऱ्या मारा, बसल्या बसल्या पावलं वर-खाली हलवा, पाणी पीत राहा. बीपी-शुगरच्या गोळ्या असतील तर निघायच्या आधी तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या की तिकडच्या घड्याळाप्रमाणे कधी घ्यायच्या, स्वतः अंदाज करू नका, आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. तिकीट काढतानाच किंवा निघायच्या किमान दोन दिवस आधी मुलीला सांगून व्हीलचेअर नोंदवा. चालता येत असलं तरी नोंदवा, यात कमीपणा काही नाही, विमानतळ फार मोठी असतात आणि सोबत माणूस मिळतो, तो तुम्हाला पार दारापर्यंत नेतो, इमिग्रेशनच्या रांगेतही सोबत असतो. मुलीचा पत्ता आणि फोन नंबर इंग्रजीत कागदावर लिहून जवळ ठेवा. खिडकीपेक्षा कडेची सीट मागा, उठायला सोपं. भीती वाटणं साहजिक आहे आजी, पण हजारो खानदेशी आया-आज्या हा प्रवास करून आल्यात, तुम्हीही नीट जाल.

प्रश्न : नंदुरबारहून जवळचं विमानतळ कोणतं धरावं, जळगाव, सुरत की नाशिक?
— एक व्यापारी, नंदुरबार

उत्तर : भाऊ, मी तिन्हींची सरळ अंतरं काढून बघितली तर काय निघालं, नाशिकचं ओझर साधारण १४३ किलोमीटर, जळगाव १५१, सुरत १५८. म्हणजे नंदुरबार जवळजवळ तिन्हींच्या मधोमध आहे! नकाशावर तिघंही सारखेच, पण माणूस नकाशावरून चालत नाही. ओझरला जायचं तर साक्री-सटाण्याकडून घाटाचा रस्ता. जळगाव आणि सुरत दोन्ही मात्र तुमच्या ताप्ती लाइनवर, गाडीत बसलं की उतरायचंच. यात मी सुरतला मत देईन, कारण तिथून विमानं जास्त ठिकाणी जातात, दुबई-शारजाचीही सोय आहे, एखादं विमान चुकलं तर दुसरं मिळायची शक्यता जास्त, जळगावला आठवड्याचे वार सांभाळावे लागतात. हैदराबाद-पुण्याला जायचं आणि वार जुळत असेल तर जळगाव बरं. शहादा-तळोद्याच्या लोकांनी इंदूरचाही विचार करावा पण मध्ये सातपुडा आहे हे लक्षात ठेवा. जळगाव–इंदूर सरळ १९६ किलोमीटर दिसतं आणि रस्त्याने अडीचशेच्या वर जातं, आणि घाटात ट्रक आडवा झाला की मग विचारूच नका, पावसाळ्यात तर दोन तास जास्तीचे हातात ठेवूनच निघा.

प्रश्न : केळी दुबईला विमानाने तीन तासात पोचत असेल तर जहाजाने कशाला पाठवतात?
— एक शेतकरी, रावेर

उत्तर : दादा, मुंबई–दुबई सरळ अंतर साधारण १,९३० किलोमीटर, विमान सव्वातीन तासात जातं हे खरं, पण केळी वजनाला भारी आणि किलोमागे भाव कमी, विमानाचं भाडंच मालापेक्षा जास्त होईल. जहाजाला न्हावाशेवाहून होर्मुझच्या सामुद्रधुनीतून आत वळून जेबेल अलीला जावं लागतं, काही दिवस लागतात, पण कच्ची केळी १३-१४ अंशाच्या कंटेनरमध्ये ठेवली की तेवढे दिवस निवांत टिकते आणि तिकडे गेल्यावर पिकवतात. जून २०२१ मध्ये तुमच्याच तालुक्यातल्या तांदलवाडीची जीआय मानांकनाची २२ टन केळी दुबईला गेली होती. केळीला लवकर पोचण्यापेक्षा थंड पोचणं महत्त्वाचं आहे, त्यामुळे पैसा घालायचाच तर काढणीपासून कोल्ड स्टोरेजपर्यंतचे जे पहिले काही तास असतात त्यात घाला, नुकसान तिथे होतं.

प्रश्न : पायलट अनाउन्समेंटमध्ये फूट आणि नॉट का सांगतात, किलोमीटर का नाही?
— नववीतली एक विद्यार्थिनी, पाचोरा

उत्तर : कारण सागरी मैल पृथ्वीवरूनच मोजलेला आहे बाळा. अक्षांशाच्या एका अंशाचे ६० भाग केले की एक भाग म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. त्यामुळे नकाशावरचा अंशाचा फरक बघितला की अंतर लगेच कळतं, एक अंश म्हणजे ६० मैल. तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. पायलट २७० नॉट म्हणाला तर १.८५२ ने गुण, ५०० किलोमीटर. उंची फुटात सांगायची पद्धत जगभर बहुतेक ठिकाणी आहे, ३५,००० फूट म्हणजे साडेदहा किलोमीटरच्या थोडं वर.

प्रश्न : एका वेबसाइटवर जळगाव–मुंबई ३५५ आणि दुसरीवर ३५७ दाखवतं. खरं कोणतं?
— एक वाचक, जामनेर

उत्तर : दोन्ही. पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्ताकडे त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवाकडे ६,३५७, कोणी सरासरी ६,३७१ धरून सरळ गोलाचं सूत्र लावतं तर कोणी चपटेपणा हिशोबात घेतं. कोणी विमानतळाच्या मध्यापासून मोजतं, कोणी शहराच्या मध्यापासून, आणि जळगावचं विमानतळ काही शहराच्या मधोमध नाही. दोन किलोमीटर म्हणजे विमानाची पंधरा सेकंदं, त्यासाठी डोकं लावू नका, जामनेरहून विमानतळावर वेळेवर पोचायचं तेवढं बघा.